मंजिरीकाकूंचं राहिलेलं पाणी

मंजिरीकाकू विलायतेला निघाल्या आणि त्यांचं दुसरं पाऊल उंबरठ्याबाहेर पडायच्या आत मी मागून ओरडलो, "काकू, माझी चप्पल."

अंगावर नवी नारायणपेठ, वर त्यांच्या भावाने दिल्लीहून आणलेला राखाडी कोट, खांद्याला पासपोर्टची पिशवी, आणि पायात माझी बाथरूमची रबरी चप्पल. निळ्या पट्ट्यांची, उजव्या टाचेला झिजलेली. ती पाहून इंग्लंडचे लोक काय म्हणतील ते म्हणोत, मला संध्याकाळी आंघोळीला जायचं होतं. तेवढंच डोक्यात आलं आणि तोंडातून निघालं.

अंगणातल्या सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. निघालेल्या माणसाला मागून हाक मारू नये, कुठे चाललात म्हणून विचारू नये, शिंक आली तर नाक दाबून धरावं, हे बागलीच्या सरकारी शाळेत शिकलेल्यालाही माहीत असतं. मलाही माहीत होतं. तरी मारली.

याला उपाय असतो. निघालेल्याने परत आत यायचं, टेकायचं, घोटभर पाणी प्यायचं आणि मघाचं निघणं झालंच नाही असं समजून नव्याने निघायचं. अबोली, काकूंची मुलगी, धावत पितळी भांड्यात पाणी घेऊन आली. पण दिल्लीच्या गाडीची वेळ होत आली होती आणि रिक्षावाला भिया, म्हणजे इंदुरी भैया, आता सामान उतरवून ठेवतो की काय, अशा बेतात दिसत होता. काकूंनी भांड्याकडे पाहिलं, रिक्षाकडे पाहिलं. चेहरा पांढराफटक झाला होता, पण तो सकाळपासूनच होता.

"आल्यावर पिते," त्या म्हणाल्या आणि रिक्षात जाऊन बसल्या.

मी त्यांच्या सँडल आणून पायाशी ठेवल्या. चप्पल परत मागायची हिंमत झाली नाही; ती त्यांच्याबरोबरच गेली. त्यांचे यजमान, म्हणजे शरदकाका, त्यांना स्टेशनवर सोडायला रिक्षात चढता चढता माझ्याकडे बघून गेले. मिलच्या रंगखात्यात बावीस वर्षं काढलेला सहा फुटी माणूस. रागावला असता तर बरं झालं असतं. ते रागावलेले नव्हते. घाबरलेले होते.

मी काका-काकूंच्या, म्हणजे दिघ्यांच्या, राजेंद्र नगरातल्या घरात मागची खोली भाड्याने घेऊन राहत होतो. बागलीहून कॉलेजसाठी इंदूरला आलो तेव्हा आईने काकूंना सांगितलं होतं, पोराकडे लक्ष ठेवा. काकूंनी ते इतकं मनावर घेतलं की मी सिनेमाला गेलो तरी त्या फाटकात उभ्या. एका मुलींच्या कॉलेजात त्या रसायनशास्त्र शिकवत. वर्गात म्हणे आवाज खणखणीत. घरी मात्र त्यांना पालीची भीती, लिफ्टची भीती, कुत्र्याची भीती, दारात तार आली की तारेची भीती. गॅस बंद केलाय का हे बघायला कोपऱ्यावरून परत येणारी बाई. परत येऊन बघायच्या, बंद असायचा, आणि नीट बघितला ना, या काळजीत निघायच्या.

अशा बाईला शिष्यवृत्ती मिळाली, तीन वर्षांची, इंग्लंडच्या उत्तरेकडच्या एका विद्यापीठात, कापडाच्या रंगांवर काम करायला. यात काकांचाच हात होता. तेच मिलमधून रंगवलेल्या कापडाचे तुकडे खिशात घालून आणायचे आणि काकू स्वयंपाकघरात वाट्यांमध्ये ते भिजवून, उन्हात टाकून, काय उतरतं आणि काय टिकतं ते बघायच्या. आमटी कोणत्या वाटीत आणि काय कोणत्या वाटीत, हे जेवताना मला नेहमी तपासून घ्यावं लागे. अर्जाचं पाकीटही काकांनीच टाकलं. काकू ते आठवडाभर पर्समध्ये घेऊन हिंडत होत्या.

कॉलनीत थोडं बोललं गेलं. मुलं परदेशी जातात, बायका नवऱ्याच्या मागे जातात. नवऱ्याला आणि मुलीला ठेवून चाळिशीची बाई शिकायला जाते, हे जरा नवीन होतं. काकू दर दोन दिवसांनी नाही म्हणायच्या आणि काका दर वेळी एकच वाक्य म्हणायचे, "जाऊन तर ये. नाही जमलं तर परत ये. मिल आहे, मी आहे, फरक काय पडतो?" त्या वाक्यावर पाय ठेवून काकू गेल्या.

त्या वाक्यातला अर्धा भाग डुगडुगत होता हे काकांना माहीत होतं. पगार उशिरा होत होते, कापूस वेळेवर येत नव्हता. ते घरात बोलले नाहीत.

काका स्टेशनवरून परत आले तेव्हा भांडं ओट्यावर तसंच होतं. त्यांनी ते उचललं, दाराजवळच्या कोनाड्यात ठेवलं आणि वर ताटली झाकली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी दात घासत होतो, तर काका ते पाणी तुळशीत ओतून भांडं घासून नव्याने भरत होते. मी म्हटलं, काका, आता तीन वर्षं हेच करणार का? ते म्हणाले, "शिळं पाणी देऊ काय तिला?"

मग ते रोजचंच झालं. आधी भांडं, मग चहा.

पहिले काही दिवस काहीच कळलं नाही. पोचल्याची तार यायची होती, ती आली नाही. अबोली शाळेतून आली की आधी कोनाड्याकडे बघायची आणि मग माझ्याकडे. पोरीने शब्दाने काही म्हटलं नाही, म्हणून मला आणखीच धसका. दूध नासलं, बंडूदादाने, म्हणजे मी, हाक मारली. अबोलीला ताप आला, बंडूदादाने हाक मारली. कोणी म्हणत नव्हतं, पण घरात ते फिरत होतं. मी रात्री पडल्या पडल्या विमान कुठे कुठे पडू शकतं याचा हिशोब करायचो. भूगोलात मी कच्चा होतो, त्यामुळे ते फार ठिकाणी पडायचं.

शेवटी उदयसिंहकडे फोन आला. हा मिलच्या गेटासमोर एसटीडीचं बूथ चालवायचा. राजेंद्र नगरच्या घरी फोन नव्हता, नंबर लावून ठेवला होता एवढंच. म्हणून काकूंना उदयसिंहचा नंबर दिलेला. ठरलं की दर शनिवारी, काकांची पाळी सुटताना, त्या तिकडून फोन करतील. तेव्हा तिकडे सकाळ असायची. मी आणि अबोली टेम्पोने जायचो, काका गेटातून कोपरापर्यंत निळे हात घेऊन यायचे आणि आम्ही तिघं त्या काचेच्या डब्यात कोंबून घ्यायचो. नेमकं बोलणं रंगात आलं की समोर मिलचा भोंगा वाजायचा. वाजायचा म्हणजे काय, बूथच्या काचा थरथरायच्या. काकू तिकडे थांबून राहायच्या. तो संपला की म्हणायच्या, "झालं का? माझ्या पैशाने तुमची मिल भोंगा वाजवून घेते." प्रत्येक शनिवारी हेच. पण त्यानंतर त्यांचा आवाज जरा सैल व्हायचा.

तिकडचं जे कळायचं ते असं तुकड्यातुकड्यांत. त्यांचे मार्गदर्शक एक वाळकेसे म्हातारे गृहस्थ होते. ते म्हणाले, मला नावाने हाक मारा. काकूंना ते जमेना, आणि 'सर' म्हटलं की ते हसायचे. मग काकूंनी महिनाभर त्यांना काहीच म्हटलं नाही. काम असलं की जवळ जाऊन खोकायच्या. म्हाताऱ्याने एक दिवस त्यांना डॉक्टरचा पत्ता दिला.

पहिल्याच चर्चेला एका पोरसवदा मुलाने त्या म्हाताऱ्याला सगळ्यांसमोर सांगितलं की तुमचं चुकतंय. काकूंनी पदर घट्ट धरला, आता छत पडणार. म्हातारा म्हणाला, असेल, बघू या. छत पडलं नाही. काकू मात्र रात्रभर जाग्या. उद्या आपल्यालाही बोलायला सांगतील, ही भीती.

वसतिगृहात स्वयंपाकघर एक आणि मुलं पाच, सगळी काकूंच्या विद्यार्थिनींच्या वयाची. शेगडी विजेची. तिला ज्योतच नाही. बंद आहे की चालू, हे बघायचं कसं? काकूंनी तळवा ठेवून बघितला. भाजलेला हात घेऊन त्यांनी आम्हाला फोन केला आणि विचारलं, घरचा गॅस बंद आहे ना?

आणि सगळ्यात भीती कसली, तर पेन्सिलची. त्यांनी पहिलं लिखाण करून दिलं, पंधरा वर्षं ज्या टिपणांवरून शिकवलं त्याच पद्धतीने. ते परत आलं तर समासात पेन्सिलीने जागोजागी बारीक अक्षरात एकच प्रश्न: हे तुम्हाला कसं माहीत? "बंडू, अरे, पुस्तकात आहे म्हणून माहीत," काकू मला म्हणाल्या, "आणखी कसं असतं?" त्या दिवशी त्या बाथरूममध्ये जाऊन रडल्या. माझी चप्पल घालून, असं त्यांनी मुद्दाम सांगितलं. चप्पल बरी आहे, पाय घसरत नाही.

वर्ष संपताना, मे महिन्यात, तीन प्राध्यापकांसमोर उभं राहायचं होतं. ते ठरवणार, ही बाई पुढे जाणार की इथेच थांबणार. काकू त्याचं नाव घेत नसत. "ते मेमधलं" म्हणायच्या.

तोवर इकडे वर्तमानपत्रं लिहीत होती की देशाची दारं उघडली. असतील. आमच्या काकांच्या मिलचं गेट फेब्रुवारीतल्या एका सकाळी उघडलंच नाही. आदल्या दिवशी पाळी सुटली, लोक घरी गेले, आणि सकाळी कुलूप. काका डबा घेऊन गेले आणि डबा घेऊन परत आले. जेवायच्या वेळी त्यांनी तोच डबा उघडून जेवून घेतलं, ओट्यावर बसून, मिलमध्ये बसायचे तसे भिंतीला पाठ लावून. त्यांच्या हातांचा निळा रंग आठवडाभरात उतरला. इतकी वर्षं साबणाने न गेलेला. अबोलीला ते हात बघवेनात. मलाही.

त्या संध्याकाळी काकांनी आम्हा दोघांना कोनाड्यापाशी बोलावलं. मेपर्यंत तिला कळता कामा नये, ते म्हणाले. मिल नाही म्हटलं की ती बॅग भरेल. तिला वाटतंय खाली जाळी आहे, म्हणून ती दोरीवर उभी आहे. आम्ही भांड्यावर हात ठेवून कबूल केलं. माझा हात ठेवताना काकांनी जरा विचार केला असं मला वाटलं.

पहिल्या शनिवारी भोंग्याच्या वेळी काकू बोलता बोलता थांबल्या. सवयीने. काही वाजलं नाही. काका म्हणाले, "आज लाइट गेली आहे मिलची." काकू बरं म्हणाल्या. पुढच्या शनिवारीही लाइट गेली. तिसऱ्या वेळी तेच सांगायचं म्हणजे काकांच्या कपाळाला मंगळवारपासूनच घाम. घरात कोणी नीट जेवेना. म्हणून मी तोडगा काढला. मला असे तोडगे सुचतात, हे एव्हाना कळलंच असेल.

दिघ्यांच्या देवघरात मोठा शंख होता. तो मी पिशवीत घालून नेला. बेत असा, की वेळ झाली की मी बूथच्या मागे उभं राहून तो फुंकायचा. लांबून, फोनमधून, काय कळतंय कोणाला? उदयसिंह म्हणाला, "भिया, मरवाओगे." पण त्याने दार किलकिलं ठेवलं.

वेळ झाली. मी छाती भरून घेतली आणि फुंकला. चांगला लांब फुंकला. बसस्टॉपवरच्या दोन बायकांनी हात जोडले. एका म्हाताऱ्याने चपला काढल्या. काचेतून मला काका दिसत होते, डोळे मिटून उभे.

शंख संपला. अबोलीने नंतर मला सांगितलं, की काकू अगदी सावकाश म्हणाल्या, "आज मिलमध्ये सत्यनारायण आहे का?"

आणि काका घाबरून हो म्हणाले.

"बंडूला द्या," काकू म्हणाल्या.

मी शंख काखेत धरून आत गेलो. रिसीव्हर काकांच्या घामाने ओला होता.

"बंडू, मिल बंद आहे?"

मी भांड्यावर हात ठेवला होता. मी काकांकडे बघितलं. ते समोर गेटाकडे बघत होते.

"काकू, लाइट..."

"बंडू. आहे का बंद?"

"हो."

"कसं माहीत?"

असं त्यांनी याआधी कधी विचारलं नव्हतं. म्हणजे या सुरात. हा वर्गातला सूर नव्हता, तिकडचा होता, समासातला.

"गेटाला कुलूप आहे, काकू. मला इथून दिसतंय. त्याच्यावर लाख लावली आहे."

त्यांच्या प्रयोगशाळेच्या खिडकीतून एक चिमणी दिसते म्हणाल्या, विटांची, उंच. तिला धूर नाही. ती मिल केव्हाच बंद पडली, आता खाली गालिचे विकतात. पहिल्या दिवसापासून त्या तिच्याकडे बघून घाबरायच्या.

"मी शनिवारी तुमच्यासाठी फोन करत नव्हते रे," त्या म्हणाल्या. "भोंगा ऐकायला करत होते. तो ऐकला की आठवडा निघायचा." मग त्या म्हणाल्या की आता तिथे राहून काय करायचं, त्या तिकिटाचं बघतात, आणि यांना द्या.

मी फोन काकांना दिला. पुढचं मला काकांच्या बाजूनेच ऐकू आलं. बराच वेळ ते हं, हं करत होते. अबोलीने त्यांचा शर्ट मुठीत धरला होता. आई परत येणार म्हणून तिने खूश व्हायला हवं होतं, पण ती मुठीतला शर्ट सोडत नव्हती. मला कळत होतं की आता या डब्यात जे ठरेल ते कायमचं, आणि काका शब्दाने गरीब माणूस. रंगखात्यात मशीनच्या आवाजात त्यांना बोलायची सवयच राहिली नव्हती.

"हो, घाबरलोय," काका एकदम म्हणाले. "मग? तू तिथे घाबरत नाहीस? घाबरत घाबरतच करते आहेस ना सगळं? मी इथे तसंच करतो. मला काय वेगळं येतं."

पुन्हा हं, हं. काका ऐकत होते आणि मान हलवत होते, जणू काकूंना ती दिसते आहे.

"ते मेमधलं करून घे," ते म्हणाले. "आणि ऐक. तुझं पाणी राहिलंय. रोज बदलतो मी ते. अर्धवट आलीस तर देणार नाही."

फोन ठेवला तेव्हा काकू काय म्हणाल्या हे आम्ही विचारलं नाही. काका बाहेर येऊन बूथच्या पायरीवर बसले. उदयसिंहने न सांगता चहा आणला. टेम्पोत माझ्या मांडीवर शंख होता आणि समोरचे लोक मला कुठे आरती आहे म्हणून विचारत होते.

मेपर्यंतचे शनिवार फार वाईट गेले. काकू फोन करत, पण थोडंच बोलत, आणि आम्हाला दर वेळी वाटे, आज सांगतील निघाले म्हणून. काका काम शोधत हिंडत होते. पंचेचाळिशीचा रंगवाला कोणाला हवा असतो? शेवटी पीथमपूरच्या एका कारखान्याच्या गोदामावर लागले, प्लास्टिकचे दाणे मोजून घ्यायला. सकाळी कंपनीची बस कोपऱ्यावर यायची. ती चुकेल की काय या धास्तीत ते अर्धा तास आधी जाऊन उभे राहायचे. पण भांडं भरूनच.

मेमधलं झालं त्या दिवशी काकूंनी फोन केला. म्हणाल्या की तिघांनी मिळून दीड तास एकच प्रश्न विचारला, कसं माहीत, कसं माहीत. आणि जे स्वतः करून बघितलं होतं तेवढंच त्यांनी सांगितलं, बाकीच्याला माहीत नाही म्हणाल्या. चाळीस वर्षांत पहिल्यांदा. पुढे जा म्हणाले.

त्या तीन वर्षं पुऱ्या करून आल्या. मधे एकदाही आल्या नाहीत, परवडणारं नव्हतं आणि एकदा आलं की परत जाणं होणार नाही, ही भीती दोघांना होती. रिक्षा फाटकात थांबली तेव्हा अबोली आईपेक्षा उंच झाली होती, आणि काकूंचे केस कानापाशी पांढरे. भाकरीचा तुकडा ओवाळून टाकायला शेजारच्या बायका जमल्या होत्या. काकांनी कोणाला पुढे येऊ दिलं नाही. दारात भांडं घेऊन उभे. थोडं सांडलंही.

काकू तिथेच पायरीवर टेकल्या. दोन्ही हातांनी भांडं धरलं.

"आजचंच आहे ना?"

"कसं माहीत, तेही हवं का?" काका म्हणाले.

काकू ते पुरं प्यायल्या, तळापर्यंत, आणि मग आत गेल्या. गेल्या त्या सरळ स्वयंपाकघरात. गॅस बंद आहे का बघायला.

संध्याकाळी सामान उघडलं. अबोलीला स्वेटर, काकांना दाढीचं सामान, मला एक पेन. मी पेन खिशाला लावलं आणि सहज विचारतोय असं दाखवत विचारलं, काकू, माझी चप्पल?

"अरे, ती तिथेच राहिली रे," काकू म्हणाल्या. "टाच पार गेली होती. तुला नवी घेऊन देते ना. उद्या राजवाड्याच्या बाजारात जाऊ."

दुसऱ्या दिवशी काहीतरी निघालं, तिसऱ्या दिवशी कॉलेज. मग मला नोकरी लागली, मी खोली सोडली. अजूनही अधूनमधून त्या घरी जातो. त्या कुठे निघाल्या की मी आधी त्यांच्या पायांकडे बघतो आणि तोंड घट्ट मिटून घेतो. चप्पल यायची आहे अजून.